मायलिन घडवणाऱ्या पेशींचं खाणं

(दृश्य : रावेर तालुक्यातली केळीची बाग. घड उतरवलेल्या केळीचा आडवा तोडलेला खांब.)

हा कापलेला खांब जवळून पाहा. मधे गाभा आणि त्याभोवती एकावर एक घट्ट बसलेली सोपटं. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला हे रोजचंच. मेंदूतला मज्जातंतू आडवा कापून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरला, तर चित्र जवळजवळ असंच दिसतं. मधे तंतू, भोवती थरांवर थर. या वेष्टणाचं नाव मायलिन. केळीचं नवं पान गाभ्यातून येतं आणि जुनी सोपटं बाहेर सरकतात. मायलिनही तंतूला चिकटलेल्या आतल्या कडेनेच पुढे सरकत वाढतं. फरक इतकाच, की सोपटं वेगवेगळ्या पानांची असतात. मायलिनचे सगळे थर मात्र एकाच पेशीच्या पातळ पडद्याचे.

ती पेशी म्हणजे ऑलिगोडेंड्रोसाइट. स्पेनचे पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९२१ च्या सुमाराला तिची ओळख पटवली. अशी एक पेशी चाळीस-पन्नास ठिकाणी वेष्टण घालू शकते. वेष्टण नसलेल्या तंतूतून संदेश सेकंदाला एक-दोन मीटर सरकतो. जाड वेष्टणाच्या तंतूतून तो सेकंदाला १०० मीटरपर्यंत धावतो.

पण हे वेष्टण फुकट होत नाही. मायलिनमधलं पाणी वगळलं, तर उरलेल्यातला ७० ते ८० टक्के भाग स्निग्ध पदार्थांचा. त्यात कोलेस्टेरॉल भरपूर. आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत शिरतच नाही. लागेल तेवढं मेंदूला आतल्या आत तयार करावं लागतं, मुख्यतः ग्लुकोजपासून. म्हणजे ग्लुकोज जाळून ऊर्जाही काढायची आणि त्याच ग्लुकोजमधून कच्चा मालही उभा करायचा. तान्ह्या बाळात कीटोन द्रव्यंही या कामी येतात. आईच्या दुधातल्या स्निग्धांशापासून बाळाचं यकृत ती बनवतं.

या सगळ्या कारखान्याला लोह लागतं. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, ऊर्जा काढायला लागतं, कोलेस्टेरॉल घडवणाऱ्या एन्झाइमांनाही लागतं. मेंदूतल्या पेशींमध्ये सर्वाधिक लोह सापडतं ते या ऑलिगोडेंड्रोसाइटमध्येच.

(दृश्य : शिरपूर तालुक्यातली अंगणवाडी. आशाताई एका गरोदर बाईशी बोलताहेत.)

"गोयी लिधी का व माय?"

लोहाची गोळी घेतली का, हा आशाताईंचा प्रश्न आपण रक्तासाठी आहे असं समजतो. हिमोग्लोबिन वाढावं, बाळंतपणात त्रास होऊ नये म्हणून. ते खरंच आहे. पण मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. पोटातल्या बाळाचा लोहाचा साठा मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत भरतो, आणि मेंदूत मायलिन चढायलाही त्याच सुमाराला सुरुवात होते. पहिली दोन वर्षं हे काम सगळ्यात जोरात चालतं. लोह कमी पडलं, की शरीर आधी तांबड्या पेशींची गरज भागवतं. मेंदूचा वाटा मागे राहतो. म्हणून बाळाच्या रक्ताची तपासणी अजून ठीक दिसत असते, तेव्हाही मेंदूत तुटवडा सुरू झालेला असू शकतो.

चिलीमध्ये सहा महिन्यांच्या बाळांच्या कानाशी आवाज करून तो संदेश मेंदूच्या देठातून किती वेळात पुढे जातो, हे मोजलं गेलं. लोहाच्या कमतरतेने पंडुरोग झालेल्या बाळांमध्ये त्याला जास्त वेळ लागत होता. त्यांच्यावर उपचार झाले. तरी चार वर्षांच्या वयात मोजलं तेव्हाही फरक उरलेलाच होता.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७ टक्के मुलांना पंडुरोग आढळला. हा आकडा वाचून मला नुसता फिकट चेहरा दिसत नाही, त्यामागे घडत असलेला मेंदू दिसतो.

वेष्टण पूर्ण झालं तरी या पेशीचं काम संपत नाही. थरांनी झाकलेल्या तंतूला बाहेरून खाणं मिळणं अवघड, म्हणून तीच त्याला भरवते. २०१२ मध्ये जर्मनीतल्या क्लाउस-आर्मिन नावे यांच्या गटाने उंदरांच्या या पेशींमधली श्वसनसाखळी, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढणारी यंत्रणा, बिघडवली. पेशी मेल्या नाहीत. ग्लुकोज अर्धवट मोडून त्यांनी भागवलं. अशा मोडणीतून लॅक्टेट निघतं, आणि ते तंतूच्या उपयोगी पडतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या जेफ्री रॉथस्टीन यांच्या गटाने लॅक्टेट बाहेर सोडणारी वाट कमकुवत केली, तेव्हा तंतूंना इजा झाली.

(दृश्य : चुलीवर कळण्याची भाकरी. ताटात पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, लिंबाची फोड.)

या ताटात लोह आहे. पण वनस्पतीतलं लोह अंगी थोडंच लागतं. लिंबू पिळलं तर जास्त लागतं, जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. लोहाच्या गोळीलाही हेच लागू. गरोदरपणात ती १८० दिवस, बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. बाळ सहा महिन्यांचं झालं, की आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचं औषध. आणि जन्माच्या वेळी, बाळ ठीक असेल तर, नाळ बांधायला निदान एक मिनिट थांबायचं. तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाकडे उतरतं, आणि त्यातलं लोह त्याला पुढचे कितीतरी महिने पुरतं.