सकाळची पोटदुखी

(पहाटेची तलावपाळी. शाळेची बस वळण घेते.)

ठाण्यात सकाळी साडेसहाच्या सुमारास घोडबंदर रस्त्यावर शाळेच्या बसगाड्यांची रांग लागते, तेव्हा एखाद्या घरात सातवीतली मुलगी दप्तर पाठीला लावून दाराशीच थबकते आणि पोटात फार दुखते आहे असे म्हणते. आजी ओवा चावायला देते, बस निघून जाते आणि दहा वाजेपर्यंत पोट अगदी बरे झालेले असते. असे चार-पाचदा झाले की घरातले कोणीतरी म्हणते, "नाटकं करते आहे."

तिची पोटदुखी खरी असते. धोक्याची चाहूल लागताच शरीरात ॲड्रेनलिन स्रवते, छाती धडधडू लागते आणि पचनसंस्थेकडचे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते. संकटातून पळ काढण्यासाठी असलेली ही यंत्रणा तोंडी परीक्षेच्या नुसत्या विचारानेही जागी होऊ शकते. दहा वाजता दुखणे थांबते, कारण तोवर शाळा टळलेली असते.

भीतीचा आजार मूळ धरतो तो या टळण्यातच. घरी राहिल्यावर जो सुटकेचा श्वास मिळतो, त्यावरून मेंदू शिकतो की शाळा खरोखरच धोक्याची होती, आणि दुसऱ्या दिवशीची भीती आणखी वाढते. मुलीच्या वतीने बाईंशी बोलणे, रात्री वीस वेळा "काही होणार नाही" म्हणून समजावणे, वाढदिवसाच्या आमंत्रणाला परस्पर नकार कळवणे हे सारे मायेपोटी होते, तरी त्याने भीतीलाच खतपाणी मिळते. पालकांना हे सांगताना जीव कासावीस होतो, कारण त्यांनी मुलीचे भलेच चिंतलेले असते.

परीक्षेची धास्ती कोणाला नसते? मात्र भीती महिनोन्महिने टिकून झोप, मैत्री आणि शाळा विस्कटू लागली, की तिला चिंताविकार मानून तपासावे लागते. बालरोगतज्ज्ञांकडून शारीरिक कारण पडताळून घ्यावे, आणि शाळेत कोणी छळत तर नाही ना, वाचता-लिहिताना अडचण येत नाही ना, हेही मुलीला शांतपणे विचारावे. तसे असेल तर आधी तेच दूर करायला हवे.

सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, विचार आणि वागणूक बदलायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीत मूल समुपदेशकाच्या मदतीने आपल्या भीतीच्या पायऱ्या स्वतः मांडते आणि सर्वांत सोपी पायरी आधी चढते. तिथे पुरेसा वेळ थांबल्यावर भीती आपोआप ओसरते, हा अनुभव कितीही समजावून सांगितला तरी दुसऱ्याला देता येत नाही. अमेरिकेत ७ ते १७ वर्षांच्या ४८८ मुलांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १२ आठवड्यांनंतर केवळ सीबीटी घेणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के, केवळ सर्ट्रालिन हे औषध घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के आणि दोन्ही घेणाऱ्यांपैकी ८१ टक्के मुलांत लक्षणीय सुधारणा दिसली. अशा औषधांचे व्यसन लागत नाही. ती सुरू करणे आणि थांबवणे मात्र मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावे, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत मुलाच्या मनात आत्महत्येचे विचार तर येत नाहीत ना, याकडे बारीक लक्ष ठेवावे लागते.

(ठाण्याच्या मनोरुग्णालयाचे जुने प्रवेशद्वार.)

१९०१ पासून असलेल्या या रुग्णालयामुळे "ठाण्याला पाठवा" ही टिंगल महाराष्ट्रभर रुळली, आणि त्या दोन शब्दांच्या धाकाने कितीतरी आईवडील तज्ज्ञाकडे जायला कचरतात, याचे फार वाईट वाटते. याच शहरात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था उभी केली. आज 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर घरबसल्या विनामूल्य बोलता येते, आणि मराठीतही बोलता येते.

(रविवार. शाळेचे बंद फाटक.)

पहिल्या पायरीला ती सातवीतली मुलगी बाबांबरोबर रिकाम्या शाळेच्या फाटकाशी दहा मिनिटे उभी राहते. पुढच्या आठवड्यात मैदानापर्यंत जाते, एके दिवशी तिथूनच रडत परत येते, आणि बाबा न रागावता दुसऱ्या दिवशी तीच पायरी पुन्हा धरतात. तिसऱ्या आठवड्यात ती शाळेच्या वाचनालयात पोहोचते. पोट दुखतच असते, तरी ती अर्धा तास तिथे बसून राहते.