आरतीतली फळी

नमस्कार श्रोतेहो. भाद्रपद तोंडावर आला. नाशकात रविवार कारंजापासून सिडको-सातपूरपर्यंत मांडव उभे राहतील आणि रोज सकाळ-संध्याकाळ तीच 'सुखकर्ता दुःखहर्ता' ही आरती दणक्यात म्हटली जाईल. ती आपल्याला तोंडपाठ आहे, पण बहुतेकांनी ती वाचून पाठ केलेली नाही, झांजांच्या गजरात ऐकून पाठ केली आहे. सगळी गडबड तिथे आहे.

'लंबोदर पीतांबर' झालं की अर्धा मांडव म्हणतो, 'फळीवर वंदना'. फळीवर कोणी कोणाला वंदन करत नाही. शब्द आहे 'फणिवरबंधना'. फणी म्हणजे नाग, फणिवर म्हणजे नागांमधला श्रेष्ठ, आणि तो ज्याने पोटाला पट्ट्यासारखा बांधलाय असा गणपती. नागाचा हा कमरपट्टा कित्येक जुन्या मूर्तींवर कोरलेला दिसतो. मग फळी आली कुठून? दोन्ही म्हणून पाहा: फ-णि-व-र-बं-ध-ना, फ-ळी-व-र-वं-द-ना. स्वर जवळपास सारखे, बदलली ती मुख्यतः ण, ब आणि ध ही व्यंजनं. झांज नेमकी व्यंजनंच गिळते. शिवाय याच कडव्याच्या शेवटी 'सुरवरवंदना' आहे. ती वंदना जिभेवर आधीच तयार असते आणि तीन ओळी अगोदर बाहेर पडते. काही छापील पुस्तिकांतही 'वंदना'च आढळते, म्हणून पुस्तिकेचा दाखला पुरेसा नाही. पक्का दाखला कवीकडेच मिळतो. आपल्या टाकळीला ज्यांनी तप केलं त्या समर्थ रामदासांच्या शंकराच्या आरतीत 'व्याघ्रांबर फणिवरधर सुंदर मदनारी' अशी ओळ आहे. तोच फणिवर, तिथे धारण केलेला, इथे बांधलेला. जाता जाता, त्या 'मदनारी'तही कुणी नारी नाही. मदन अधिक अरि, मदनाचा शत्रू.

आता 'उटी शेंदुराची'. ही सर्रास 'ओटी' होते. ओटी देवीची भरतात. गणपतीच्या सर्वांगाला शेंदराचा लेप आहे, ती उटी. नाशिककरांना हा शब्द परका वाटायला नको. चैत्र वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या समाधीला चंदनाची उटी लावतात, म्हणून तर ती उटीची वारी. चूक होते ती गाण्यामुळे. बोलताना आपण 'सुंदर्' म्हणून थांबतो, गाताना शेवटचा 'र' पूर्ण उच्चारतो. 'सुंदर' आणि 'उटी' एका दमात म्हटलं की अ आणि उ मिळून ओ होतो, व्याकरणातला सरळ गुणसंधी. 'सुंदर'नंतर किंचित थांबा आणि 'उ' नव्याने लावा, ओटी आपोआप जाते.

'संकष्टी पावावे' म्हणणाऱ्यांनी विचार करावा: बाप्पाने महिन्यातून एकदाच पावायचं का? शब्द 'संकटी', म्हणजे संकटात. पुढचा 'निर्वाणी'ही तसाच, म्हणजे अगदी शेवटच्या घडीला.

सगळ्यात अवघड आहे पहिलीच ओळ, कारण तिथे अर्थ एकीकडे थांबतो आणि चाल दुसरीकडे. चाल 'वार्ता विघ्नाची' इथे श्वास घ्यायला लावते. पण क्रियापद पुढे आहे: 'नुरवी', न उरवी. विघ्नाची वार्तासुद्धा शिल्लक ठेवत नाही, असा तो देव. त्यानंतर 'पुरवी प्रेम'. घाईत 'नुरवी पुरवी' एकत्र कोंबलं की ऐकणाऱ्याला 'पूर्वी प्रेम' ऐकू येतं, म्हणजे पूर्वी होतं, आता आटलं! उपाय सोपा आहे. 'वार्ता विघ्नाची नुरवी' एका श्वासात, मग अर्धी मात्रा थांबा, मग 'पुरवी' ऱ्हस्व पु लावून.

'शेंदुर लाल चढायो' मध्ये 'दोन दिल' नाहीत, 'दोंदिल' आहे, दोंद सुटलेला. नवरात्रात वणीला जाणाऱ्यांसाठी एक: 'दुर्गे दुर्घट भारी'तले 'चारी' म्हणजे चार वेद आणि 'साही' म्हणजे सहा शास्त्रं. वाद घालून प्रवाहात पडली ती शास्त्रं, म्हणून 'पडिले'. 'पडिलो' म्हटलंत तर तुम्हीच पडलात.

मंत्रपुष्पांजलीत 'ते ह नाकं' येतं तेव्हा पोरं नाकाला हात लावून हसतात. हसू द्या, पण नाक म्हणजे स्वर्ग हेही सांगा. पुढचं 'एकराळिति' हे 'एकराट् इति' आहे, एकछत्री राजा. पुढे स्वर आला की ट् चा ड होतो, आणि ऋग्वेदाच्या पठणात दोन स्वरांमधला ड ळ होतो, म्हणून तो ळ. तिथे 'लिति' नको.

मंडळात हे दुरुस्त कसं करायचं? मोठ्या अक्षरात कागद काढा, तीन हातांवरून वाचता येईल इतका. एका ओळीत एका श्वासाचाच मजकूर ठेवा. जोडशब्द रेघेने फोडा: फणि-वर-बंधना. आधी झांजांशिवाय, नुसत्या टाळीवर, गद्यासारखं दोनदा म्हणा. मग चाल लावा. झांजा सर्वांत शेवटी. माइकपाशी सगळे उभे करू नका, पाठ पक्कं असलेले दोघेच ठेवा, बाकीचे त्यांच्या मागून येतात. झांजवाले माइकपासून चार-पाच पावलं लांब. आणि आरती चालू असताना कुणाला टोकू नका. टोकलं की तो पुढच्या ओळीलाही अडखळतो. प्रसाद वाटताना कागद हातात द्या.