गाडी ओढत नाही: तपास कुठून सुरू करायचा?

(आयटीआयमधल्या मोटार मेकॅनिक ट्रेडच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

‘सपाटीला ठीक चालते, घाटात मात्र ओढत नाही.’ वर्कशॉपमध्ये हे वाक्य तुम्ही पुष्कळदा ऐकाल. त्यामागून दुसरं येतं: ‘टर्बो गेलाय म्हणतात, किती खर्च येईल?’ (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा.) या दोन वाक्यांच्या मध्ये तपास व्हायला हवा आणि बहुतेक वेळा तो होतच नाही. अंदाजाने एकेक पार्ट बदलत जायचं आणि गिऱ्हाइकाच्या पैशाने शिकायचं, ही आपल्या धंद्यातली सगळ्यात वाईट सवय आहे. ती तुम्हाला लागू नये, म्हणून मी आलोय.

बॉनेट उघडण्याआधी विचारा. ओढ अचानक गेली की हळूहळू? इंजिन थंड असताना की तापल्यावर? त्याआधी काय काम केलं होतं? सर्व्हिसिंगहून आल्या आल्या तक्रार सुरू झाली असेल, तर तिथे ज्या ज्या गोष्टींना हात लागला त्या आधी बघायच्या.

मग स्वतः चालवा. चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम सरसर चढतो आणि वेग आहे तिथेच राहतो, तर क्लच प्लेट घसरतेय. थोडं अंतर जाऊन थांबल्यावर एकच चाक जास्त तापलेलं असेल, तर ब्रेक धरून राहतोय. दोन्ही वेळा इंजिन बिचारं आपलं काम करतंय.

उंचीचाही हिशेब ठेवा. वाईहून पसरणी घाटाने महाबळेश्वरला पोचलात की तुम्ही सुमारे 1,350 मीटरवर असता. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण 15 टक्के कमी. टर्बो नसलेलं इंजिन तिथे थोडं मंदावणारच, तो बिघाड नव्हे. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो. म्हणूनच टर्बो डिझेल घाटात हरली, तर कारण शोधलंच पाहिजे.

आता तशीच एक डिझेल घेऊ. स्टिअरिंगखाली 16 पिनांचं सॉकेट असतं, त्याला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड वाचणारं यंत्र, जोडला आणि कोड आला पी 0299. अर्थ इतकाच, की टर्बोकडून हवा तेवढा दाब भरला गेला नाही. का भरला नाही, हे कोड सांगत नाही. पण ‘टर्बो’ हा शब्द वाचला की लोक टर्बो उतरवायलाच घेतात!

थांबा, आधी मोजा. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सरने आत्ता बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा, पुण्यात साधारण 95 किलोपास्कल. आकडा यापासून फार लांब असेल, तर आधी सेन्सर आणि त्याचं वायरिंग तपासा. आकडा बरोबर असेल, तर गाडी चढावर काढा. चालवणारा एक, स्कॅनर बघणारा दुसरा. कॉम्प्युटरने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब शेजारी शेजारी बघा. पूर्ण जोरात पुष्कळ डिझेल गाड्या 200 किलोपास्कलच्या पुढे जातात. मागणी 210 ची आणि मिळतात 140, तर हवा कुठेतरी निसटतेय किंवा टर्बोला हुकूमच पोचत नाहीये.

टर्बोकडून आलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी होजवर खालच्या बाजूने हात फिरवा. फाटलेल्या जागी तेलाचा थर आणि त्यावर धूळ बसलेली सापडते. इंजिन बंद असताना ही चीर मिटलेली असते, दाब आला की उघडते. म्हणून कमी दाबाची हवा भरून साबणाच्या पाण्याने तपासायचं. एअरफ्लो सेन्सरने मोजलेली हवा वाटेतच गळाली, की डिझेल जास्त पडतं आणि काळा धूर येतो. टर्बोचा दाब कमीजास्त करणाऱ्या ॲक्च्युएटरला जाणारी बारीक व्हॅक्यूम नळीही बघा. बरेच दिवस उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ती कधी कधी उंदरांनी कुरतडलेली असते. नळीच्या किमतीत सुटणारं काम टर्बोच्या किमतीत करू नका. हे सगळं ठीक निघालं, तरच टर्बोच्या शाफ्टला हात लावून ढिलाई बघायची.

हवेनंतर डिझेल. फिल्टरमधलं पाणी काढा, पावसाळ्यानंतर तर नक्कीच. पुन्हा मागितलेला आणि मिळालेला असे दोन आकडे बघा, या वेळी रेल प्रेशरचे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागांना) डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतल्या, कॉमन रेलमधल्या दाबाचे. जोर लागताच मिळालेला आकडा कोसळला, तर फिल्टर, पंप किंवा गळका इंजेक्टर.

आणि इथे मला तुमच्याकडून एक वचन हवंय. जुन्या डिझेलमध्ये इंजिन चालू ठेवून इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करायचे आणि कुठला सिलिंडर मेलाय ते ओळखायचे. उस्ताद मंडळी आजही ते दाखवतील. कॉमन रेलवर ते कधीही करायचं नाही. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, तिथे 250-300 बार असतात, जोरात 1,600 आणि त्याहून जास्त. त्या दाबाची धार कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण बोट, कधी हातही गमवायची वेळ येते. असं झालंच, तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल गाठायचं. इंजेक्टर तपासायला रिटर्नच्या नळ्या बाटल्यांत सोडा. ज्याची बाटली आधी भरते, तो झिजलाय.

शेवटी सायलेन्सरची वाट. 2020 पासूनच्या बीएस 6 डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत काजळी जाळण्याएवढी उष्णता तयार होत नाही, तो तुंबतो आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे कॉम्प्युटर इंजिनचा जोर मुद्दाम कमी ठेवतो. तो कापून काढायचा सल्ला देऊ नका. बेकायदा आहे, आणि ती काजळी मग तुमच्याच गल्लीतली पोरं श्वासातून घेतात. पेट्रोल गाडी धक्के देत असेल, तर आधी प्लग आणि कॉइल बघा. न पेटलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा कन्व्हर्टर वितळवतं, आणि मग तोही तुंबतो.

काम झालं की तोच चढ, तेवढंच वजन, तोच गिअर. आकडे पुन्हा घ्या, आणि दुरुस्तीआधीचे व नंतरचे दोन्ही जॉबकार्डावर लिहून गिऱ्हाइकाला जुन्या पार्टसकट दाखवा.