प्रवेशअर्जावर सही कोणाची?

श्रोतेहो, वृद्धाश्रम पाहायला आलेले नातेवाईक बहुधा जेवण कसे असते, डॉक्टर केव्हा येतात आणि महिन्याचे किती घेता, एवढे विचारतात. प्रश्न रास्तच आहेत. मात्र ज्यांना तिथे राहायचे आहे, त्यांना खोलीत कोणाची सोबत चालेल किंवा सकाळी किती वाजता उठायची सवय आहे, हे क्वचितच विचारले जाते. प्रवेशअर्जावर सही मुलगा करतो आणि आई शेजारच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असते.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या निर्वाह व कल्याण अधिनियमाच्या कलम 19 मध्ये, प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांना सामावून घेणाऱ्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. ती हवीच होती. पण संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1991 मध्ये ज्येष्ठांविषयी जी तत्त्वे स्वीकारली, त्यांत काळजीच्या बरोबरीने स्वातंत्र्य, सहभाग, आत्मविकास आणि प्रतिष्ठा यांनाही स्थान आहे, आणि आपल्याकडे खरी उणीव तिथे भासते.

नाशिकची जानेवारीतली थंडी तुम्हाला ठाऊक आहे. अशा थंडीत पहाटे पाचला आंघोळ का घालतात? रात्रपाळीच्या मावशींना पाळी संपण्यापूर्वी सगळ्यांचे उरकायचे असते म्हणून. ज्या आजी हात धरला तर स्वच्छतागृहापर्यंत चालत जाऊ शकतात, त्यांनाही डायपर लावला जातो, कारण रात्री हात धरायला माणूस नसते. आणि चालणे थांबले की काही आठवड्यांत पायांतली ताकद ओसरते, मग डायपर खरोखरच लागतो. स्वेटरची बटणे लावताना थरथरणारी बोटे एकेक काज चाचपत जातात, त्याला पाच-सात मिनिटे लागतात. मावशी ते काम अर्ध्या मिनिटात करतात. त्यात प्रेम असते, याबद्दल मला शंका नाही, तरीही आजींच्या हातून दिवसातले एक काम गेलेले असते.

एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी 1976 मध्ये अमेरिकेतील एका शुश्रूषागृहातला प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला खोलीची मांडणी तुम्हीच ठरवा, चित्रपट कोणत्या दिवशी पाहायचा ते सांगा आणि हे रोप तुम्हीच सांभाळा, असे सांगण्यात आले. दुसऱ्या गटालाही रोप मिळाले, पण त्याची निगा कर्मचाऱ्यांकडे होती. काही आठवड्यांनी पहिल्या गटातील मंडळी अधिक तरतरीत, अधिक मिसळणारी आढळली.

यावर विश्वस्तांचा प्रश्न ठरलेला असतो: बाहेर सोडले आणि पडले, तर जबाबदार कोण? ही भीती खरी आहे, मी ती हलकी मानत नाही. परंतु 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाचे कलम 4 उपचारांविषयी सांगते की, एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असे ठरत नाही. हाच न्याय रोजच्या जगण्याला का लावू नये? ज्या काकांना दर एकादशीला काळाराम मंदिरात जायचे आहे, त्यांच्यासोबत कोण जाईल, काठी आहे का, फोन जवळ आहे का, हे त्यांच्याशी बोलून ठरवता येते, आणि मुलाला त्याची लेखी कल्पना देता येते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला एकटे सोडता येणार नाही; तरीही दोन साड्या समोर धरून कोणती नेसायची, हे विचारता येतेच.

हे सारे शेवटी मनुष्यबळापाशी येऊन थांबते, म्हणून दानशूर नाशिककरांशी थोडे स्पष्ट बोलतो. वाढदिवसाला किंवा श्राद्धाला आपण वृद्धाश्रमात गोडाचे जेवण देतो, ताटावर बसलेल्यांसोबत फोटो काढतो आणि ते न विचारता व्हॉट्सॲपवर टाकतो. फोटोआधी परवानगी घ्या, खोलीत जाण्याआधी दार वाजवा. आणि शक्य असेल तर चार जणांनी मिळून जेवणाऐवजी रात्रपाळीच्या आणखी एका मावशींचा वर्षभराचा पगार उचला.