रिचार्जमधली लीग

नमस्कार श्रोतेहो.

जानेवारी २०२३ मधली गोष्ट. महिलांच्या प्रीमियर लीगमध्ये तेव्हा एकही संघ ठरला नव्हता, खेळाडूंचा लिलाव व्हायचा होता. तरी पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ९५१ कोटींना गेले. एका सामन्याला सात कोटींच्या वर! हक्क घेतले वायकॉम१८ या कंपनीनं, आणि सामने जिओसिनेमा ॲपवर चक्क फुकट दाखवले. त्या मोसमात बायका-मुलींना मैदानातही मोफत प्रवेश होता. सामने सगळे दोनच ठिकाणी, नेरूळच्या डी. वाय. पाटील आणि चर्चगेटच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर.

मला विचाराल तर त्या ९५१ कोटींपेक्षा हे फुकट जास्त मोलाचं होतं. जुन्या लीगचा चाहता पदरचे पैसे मोजून येतो. नव्या लीगला असे चाहते मुळात असतात किती? तिला हवा असतो सहज डोकावणारा, 'बघू तरी काय चाललंय' म्हणणारा. त्यातून संध्याकाळी घरातला टीव्ही मालिका आणि बातम्यांच्या ताब्यात. शाळकरी मुलीच्या हाती रिमोट येणार कधी? आईचा फोन मात्र मिळतो. तो पाण्याच्या बाटलीला टेकवायचा, पुढ्यात गृहपाठाची वही उघडी ठेवायची आणि आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाची बॅटिंग बघायची. मामाचा फोन आला की मॅच बंद, ते वेगळं. दिवसाचा दीड जीबी सतराव्या ओव्हरला संपतो, तेही आलंच. शेजारी केबलवर तीच मॅच लागलेली असेल, तर विकेट आधी भिंतीपलीकडून ऐकू येते आणि मग फोनवर पडते!

पण फुकट किती दिवस चालणार? १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार झालं. त्याच दिवशी बडोद्यात लीगचा तिसरा मोसम सुरू झाला. मोबाइलपुरता, जाहिरातींसकट पॅक तीन महिन्यांना १४९ रुपये. रक्कम मोठी नाही, मान्य. पण रिचार्ज कोणता मारायचा हे ती मुलगी ठरवत नाही.

अमेरिकेत मेजर लीग सॉकर या फुटबॉल लीगनं २०२३ पासून दहा वर्षांसाठी ॲपलशी करार केला, अडीच अब्ज डॉलरचा. बहुतेक सामन्यांसाठी वेगळी वर्गणी. त्याच वर्षी मेस्सी मायामीत आला आणि वर्गणीदार वाढले. पण स्थानिक वाहिनीवर आपल्या शहराचा संघ जाता-येता दिसायचा, तो दिसेनासा झाला. अखेर २०२६ च्या मोसमापासून ती वेगळी वर्गणी बंद करून सामने ॲपल टीव्हीच्या नेहमीच्या वर्गणीत घालावे लागले. मेस्सी असूनही!

आपल्याकडे २ नोव्हेंबर २०२५ ला त्याच नेरूळच्या मैदानावर भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. त्या रात्री महिला क्रिकेट पहिल्यांदा बघणारेही पुष्कळ असणार. त्यांना पुढचा सामना दाखवायला आधी पैसे मागायचे, हा मला तरी आतबट्ट्याचा व्यवहार वाटतो.

२०२७ च्या मोसमानंतर महिला लीगचा तो ९५१ कोटींचा करार संपेल. पुढच्या वेळी क्रिकेट मंडळानं एवढी एक अट घालावी: दर शनिवार-रविवारी निदान एक सामना सगळ्यांना फुकट, मराठी समालोचनासकट. त्यापायी बोली थोडी कमी आली तर येऊ दे.