नाकाचा भरवसा आणि प्लास्टिकची पट्टी

नमस्कार श्रोतेहो. स्वयंपाकाच्या गॅसचा वास मुद्दाम घातलेला असतो हे आता घराघरात माहितीये, त्यावर वेळ घालवत नाही. घरी वास आला की आपण रेग्युलेटर बंद करतो, खिडक्या उघडतो, दिव्याच्या बटणाला हात लावत नाही. आणि तोच माणूस नाशिकच्या सातपूरला नाहीतर अंबडला कारखान्यात कामावर गेला की म्हणतो, "एवढा वास तर रोजचाच." आजचा विषय हा "रोजचाच" आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारी प्लास्टिकची एक पट्टी.

प्लास्टिकमधून वीज जात नाही, म्हणून तर वायरीवर तेच चढवतात. पण काही पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकच्याच जातीचे पदार्थ, वीज नेतात. १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर या तिघांनी ते दाखवून दिलं आणि २००० साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच कुळातलं एक पॉलिअ‍ॅनिलिन. आम्ल मुरलेलं असेल तर ते हिरवं असतं आणि वीज नेतं. अमोनिया वायू लागला की तो त्यातला आम्लाचा अंश ओढून घेतो, मग वीज अडायला लागते, आणि हवा मोकळी झाली की पट्टी हळूहळू पुन्हा पहिल्यासारखी होते. कानासाठी पुन्हा सांगतो: अमोनिया वाढला, अडथळा वाढला. तो अडथळा मीटरवर मोजायचा, बस. आणि हे सगळं साध्या तापमानाला. टिन ऑक्साइडचे जुन्या पद्धतीचे सेन्सर आतून दोनशे-चारशे डिग्री तापवावे लागतात, त्यात वीज खर्च होते.

आता जे सांगायला मी आलोय ते.

पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एक कोल्ड स्टोरेज आहे, नाव सांगत नाही, मालक ऐकत असतील तर त्यांना कळेलच. द्राक्षाचा सीझन, मार्च महिना, बाहेर क्रेटनी भरलेल्या गाड्यांची रांग आणि आत थंडावा ठेवणारी, अमोनियावर चालणारी मशिनरी. तिथले कॉम्प्रेसर ऑपरेटर म्हणजे आबा. आबांच्या नाकाची ख्याती अशी की नवीन पोरं म्हणायची, मीटर कशाला, आबा आहेत ना. आबाही म्हणायचे, "माझ्या नाकाला सेल लागत नाही."

४ मार्च म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा दिन. माझं स्पष्ट मत आहे, त्या दिवशी नारळ फुटतो, शपथ होते, हेल्मेट घालून ग्रुप फोटो निघतो आणि ५ मार्चला तीच हेल्मेटं कपाटात जातात. असो. तर त्या सुरक्षा सप्ताहात पॉलिटेक्निकची एक मुलगी आणि एक मुलगा प्रोजेक्ट घेऊन आले, त्यांच्या सरांच्या ओळखीने मीही सोबत गेलो होतो. प्रोजेक्ट काय, तर बोटभर पट्टी, तिच्यावर पॉलिअ‍ॅनिलिनचा हिरवा थर, दोन वायरी, एक डिस्प्ले आणि एक बझर.

पट्टी टेबलावर ठेवली, तेवढ्यात चहा आला. किटलीची वाफ पट्टीवर गेली आणि बझर कोकलायला लागला. आबा असे हसले की त्यांना ठसका लागला. "पोरी, तुझ्या मशीनला चहा पाहिजे, त्याला पण अर्धा कप ओत!" सगळी रूम हसायला लागली. (आणि चहा हा कागदी कपात देऊच नये, त्याची चव जाते, पण ते वेगळं भाषण होईल.)

मुलगी मात्र हसली नाही, वहीत लिहून घेतलं. म्हणाली, "आबा, वाफेने आकडा खाली आला बघा, अमोनियाने तो वर जायला पाहिजे. बझर दोन्हीकडे वाजतोय, तो बदलते." दमट हवेत पापड सादळतो तशी ही पट्टीही ओलावा धरते, या सेन्सरचं हे जुनं दुखणं आहे. तिने तिथेच लॅपटॉप उघडून बझर फक्त आकडा वर गेला तरच वाजेल असं करून टाकलं, आणि मग दोघं पट्टी घेऊन कॉम्प्रेसर रूममध्ये फिरायला लागली.

मागच्या भिंतीला वर व्हॉल्व्ह होते तिथे आकडा चढायला लागला. उडी नाही मारली, सावकाश, पण थांबेना. बझर वाजला. आबा खालून ओरडले, "काही नाही तिथं, मी सकाळपासून इथंच आहे, मला वास आला असता." मी नुकताच बाहेरून आलेलो, मला तर दारातच डोळ्यांना चुरचुरलं होतं, पण वाटलं अशा जागी एवढं असणारच.

आबा चिडून गंधकाची बत्ती घेऊन आले. या लाइनमधल्या लोकांना माहीत असेल, पेटत्या गंधकाचा धूर अमोनियाला भेटला की दाट पांढरा होतो, बारीक लिकेज असंच शोधतात, मोठ्या गळतीत मात्र हे कुणी करू नका. आबांनी बत्ती एकेका जॉइंटपाशी नेली, पहिल्यावर काही नाही, दुसऱ्यावर काही नाही, आणि वरच्या व्हॉल्व्हच्या ग्लँडपाशी, म्हणजे दांड्याभोवतीच्या सीलपाशी, नेली तसा पांढरा धूर असा भसाभस उठला की मुलगा दोन पावलं मागे सरकला. पॅकिंग गेलेलं होतं.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्या मुलीला म्हणाले, "तुझी ती पट्टी इथंच ठेवून जाशील का? चहा लांब पिऊ."

आबांचं नाक खराब नव्हतं हो. तासन्‌तास त्याच हवेत बसलं की कुणाचंही नाक त्या वासाला सरावतं. म्हणून पुन्हा सांगतो, वास येईनासा झाला म्हणजे गॅस गेला असं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात अमोनियाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला २५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग, आणि थोड्या वेळापुरती ३५ दिलेली होती, आता पंचवीस आणि पस्तीसमधला फरक कुठलं नाक सांगणार?

पण पट्टीवरही आंधळा विश्वास नको. ती कालांतराने थकते, आणि पॉलिअ‍ॅनिलिनला अमोनिया आणि त्याच्यासारखीच अमाइन वेगळी ओळखता येत नाहीत. त्याच इमारतीत द्राक्षाच्या पेटीत माल सडू नये म्हणून ग्रेपगार्डचा कागद असतो, त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो, तो आम्लधर्मी, म्हणजे तोही पट्टीचा आकडा हलवू शकतो. म्हणून शास्त्रज्ञ वेगवेगळ्या पॉलिमरच्या चार-पाच पट्ट्या शेजारी बसवतात आणि सगळ्यांचे आकडे एकत्र वाचतात. तोवर ही पट्टी पहिला इशारा म्हणून ठेवा, कॅलिब्रेट केलेला, म्हणजे आकडा बरोबर दाखवतो हे तपासून घेतलेला, मीटर काढून टाकून नाही. आणि अमोनिया हवेपेक्षा हलका, म्हणून एक सेन्सर उंचावर हवाच, पण मोठ्या गळतीत थंड ढग जमिनीलगतही पसरतो, तेव्हा खालीही एक असू द्या.

एक शेवटचं. कितीतरी ठिकाणी डिटेक्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली असते, का तर "सारखा वाजतो". तो सारखा का वाजतो हे सुपरवायझरला विचारा, लेखी विचारा. काचेपलीकडून मला हात दाखवतायत, वेळ संपली. पुढच्या वेळी सांडपाण्याच्या टाकीतला हायड्रोजन सल्फाइड घेऊ, तो तर नाकाची संवेदनाच बधिर करतो. नमस्कार.