टप उघडा, नळ्या मोकळ्या ठेवा

मंडळी, नमस्कार. कन्व्हर्टिबलवर बोलायचं म्हटलं की पुण्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढी धूळ, एवढे सिग्नल, चार महिने पाऊस, त्यात टप उघडणारी गाडी घेऊन करायचं काय? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की हे शहर या गाडीला बऱ्यापैकी मानवतं, फक्त वेळ आणि रस्ता निवडून घ्यावा लागतो. आणि या गाड्या इथे खराब होतात त्या डोक्यावर पडलेल्या पावसाने नव्हे, टपाच्या खाचेत साचून राहिलेल्या पाण्याने. आजचा बराच वेळ त्या पाण्यावर जाणार आहे, तेव्हा आधी थोडं मजेचं बोलून घेऊ.

मोटारी जन्मल्या त्या उघड्याच. बंद बॉडी महाग पडायची. १९२०च्या दशकात अमेरिकेत ती स्वस्त झाली आणि उघडी गाडी हौसेच्या खात्यात गेली. पत्र्याचं छत आपोआप डिकीत जाणारी प्यूजोची गाडी १९३४ सालची. ती यंत्रणा सुचली जॉर्ज पोलाँ यांना, आणि ते पेशाने दंतवैद्य होते. कवळी काढण्या-बसवण्याचा अनुभव कामी आला असावा! १९७६ साली कॅडिलॅकची एल्डोराडो अमेरिकेची शेवटची कन्व्हर्टिबल म्हणून विकली गेली, पण हौस काही संपली नाही. १९८९ साली माझ्दाने एमएक्स-५ आणली आणि लहान, हलकी, दोन आसनी उघडी गाडी पुन्हा रस्त्यावर दिसू लागली.

आपल्याकडच्या आठवणी वेगळ्या आहेत. इथे उघडी गाडी म्हणजे जीप. स्वातंत्र्यानंतर लगेचच महिंद्राने विलीज जीप जुळवायला घेतली आणि वरात, निवडणुकीची मिरवणूक, निकालाचा गुलाल, सगळं तिच्यावरून निघालं. मग १९८५ साली जिप्सी आली. मधल्या काळात सॅन स्टॉर्म नावाची फायबर बॉडीची, रेनॉच्या १.२ लिटर इंजिनाची दोन आसनी देशी गाडीही येऊन गेली. ती आठवणारे इथे दोन-चार जण तरी असतील. २०२०च्या थारने हाताने मागे दुमडायचा कापडी टप पुन्हा शोरूममध्ये आणला. म्हणजे आजच्या विषयासाठी परदेशी गाडीच दारात हवी असं मुळीच नाही.

आता वारा. लोकांना वाटतं वारा समोरून तोंडावर येतो. तसं होत नाही. समोरच्या काचेवरून हवा वर उडते, सीटच्या मागे दाब कमी होतो, आणि ती हवा मागून वळून पुढे येते. म्हणून केस पुढे उडतात आणि मान मागून गार पडते. यावर उपाय म्हणजे दोन्ही सीटच्या मागे उभी करायची जाळी. जाळी का, सलग पत्रा का नाही? कारण सलग अडथळ्यामागे नवे भोवरे तयार होतात. जाळी हवेचा वेग कमी करते आणि थोडी हवा आरपार जाऊ देते. जाळी नसेल तर नुसत्या बाजूच्या काचा वर केल्या तरी बराच फरक पडतो. डिसेंबरच्या पहाटे टप उघडा, काचा वर आणि हीटर पायांवर सोडायचा. पुण्यातली १२ अंशांची थंडी तेवढ्यात आरामात निभावते. कानटोपी घालायला लाजू नये.

वेगाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: उघड्या गाडीचा सगळा आनंद ४० ते ७०च्या दरम्यान आहे. त्यापुढे वाऱ्याचा आवाज बाकी सगळं गिळून टाकतो. म्हणून द्रुतगती मार्ग या गाडीचा नव्हे. तिथे शेजारच्या कंटेनरचं चाक तुमच्या कानाच्या उंचीवर असतं. त्यापेक्षा भोरचा रस्ता घ्या. दोन्ही बाजूंनी वडाची कमान आहे, ऊन-सावली अंगावरून सरकते, आणि झाडाखाली हवा दोन अंश गार आहे हे कातडीला आधी कळतं. दिवेघाट चढून सासवडकडे वळलात तर हंगामात सीताफळांच्या पाट्या डोळ्यांआधी नाकाला सापडतात. हिवाळ्यात दौंडकडे गुऱ्हाळांचा वास. खडकवासल्याच्या भिंतीजवळ संध्याकाळी पाण्यावरून येणारी हवा. बंद गाडीत एसी लावून हे सगळे रस्ते सारखेच असतात. रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याला मात्र जाऊ नका. तासभर दुसऱ्याच्या सायलेन्सरमागे बसण्यात कसलं सुख?

दिवसाच्या वेळा सोप्या आहेत. मार्च ते मे या महिन्यांत सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याची आपली जुनी परंपरा उघड्या गाडीने तरी निष्ठेने पाळावी. उन्हात उभी केलेली काळ्या लेदरची सीट मांडी भाजते, म्हणून टप उघडा ठेवून गाडी लावली तर सीटवर जाड पांढरा टॉवेल टाकावा.

आता एक धोक्याची गोष्ट. जुन्या बंद गाडीचं छत कापून 'कन्व्हर्टिबल' करून देणारे कारागीर सापडतात. करू नका. हेरल्डसारख्या जुन्या गाडीला खाली स्वतंत्र चासी होती आणि छत बोल्टांनी बसवलेलं होतं, तिथे ते काढणं शक्य होतं. आजच्या मोटारीत छत हा ताकदीचा भाग असतो. कंपनी जेव्हा कन्व्हर्टिबल बनवते तेव्हा दाराखालचे उंबरे जाड करते, खाली आडवे-तिरपे ब्रेस घालते, समोरच्या काचेच्या चौकटीत पोलादी नळी बसवते. म्हणून उघडी गाडी तिच्या बंद भावंडापेक्षा वजनाला जास्त असते. नुसतं छत कापलेली गाडी मधोमध बसते. आधी दारं घासायला लागतात, मग बंदच होत नाहीत. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली तेच ठामपणे सांगितलं आहे. अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल, ते वेगळं सांगायला नको.

याच कारणाने जुनी उघडी गाडी घेताना आधी दाराच्या फटी बघा. फट वरच्या टोकाला अरुंद आणि खाली रुंद दिसली तर उंबरा आतून गंजून गाडी मधे झुकली आहे असं समजा. उंबरा बदलायचाच झाला तर पत्रा कापण्याआधी दाराच्या पोकळीत आडवा पोलादी पाइप वेल्ड करून घ्या आणि गाडी सपाट जागी, चारही बाजूंना सारखा टेकू देऊन ठेवा. ही पायरी गाळली तर नवा उंबरा चुकीच्या मापात पक्का होतो आणि दार पुढे कधीच नीट बसत नाही.

आणि उंबरा गंजतो कशाने? आलो आपण पाण्यावर.

कापडी टप पूर्ण पाणबंद नसतो, तो पाण्याला वाट करून देतो. कापडावरून ओघळलेलं पाणी मागच्या बाजूला एका रबरी पन्हाळीत उतरतं, तिथून दोन्ही बाजूंच्या नळ्यांनी मागच्या चाकाजवळ जमिनीवर पडतं. नळी करंगळीपेक्षाही बारीक. आता गाडी प्रभात रोडवर किंवा कोरेगाव पार्कात झाडाखाली उभी आहे असं धरा. वडाचं मोठं पान काही करत नाही, ते वरच राहतं आणि उचलता येतं. घात करतात गुलमोहर, चिंच आणि वर्षावृक्ष. त्यांची बारीक पानं थेट पन्हाळीत घरंगळतात, बांधकामांच्या धुळीत मिसळतात, आणि पहिल्या वळवाला त्याचा करडा लगदा होऊन नळीच्या तोंडाशी बसतो. वर हात लावला तर फक्त ओलसर माती लागते. खाली बोटभर लांबीचा घट्ट बोळा असतो. मग पाणी पन्हाळीच्या काठावरून आत उतरतं, सीटमागच्या गालिच्याखाली फोममध्ये शिरतं. वरून गालिचा कोरडा दिसतो. आठ-दहा दिवसांनी काचांवर आतून वाफ धरायला लागते, कुबट वास येतो, आणि सीटखाली कंट्रोल युनिट असेल तर डॅशबोर्डवर भलतेच दिवे लागतात. तोपर्यंत उंबऱ्यातही पाणी पोहोचलेलं असतं.

सफाईची रीत सांगतो, लिहून घ्या. टप अर्धा उघडून थांबवा म्हणजे पन्हाळ दिसेल. पानं हाताने उचला, बाकीचा कचरा व्हॅक्यूमने ओढा. मग गवत कापण्याच्या मशीनची नायलॉन दोरी घ्या, अडीच-तीन मिलिमीटर जाडीची. टोक लायटरने किंचित वितळवून गोल करा आणि दोरी फिरवत-फिरवत हलक्या हाताने नळीत सरकवा. सायकलची तार किंवा लोखंडी सळई अजिबात नाही. ती नळीला भोक पाडते. पंक्चरवाल्याकडची दाबाची हवाही नको, कारण दाबाने नळी आतल्या आत सांध्यातून निसटते, आणि मग पाणी थेट बॉडीच्या पोकळीत जातं. त्यापेक्षा तुंबलेली नळी परवडली, ती निदान कळते तरी. शेवटी लिटरभर पाणी सावकाश ओता आणि कुणाला तरी खाली बघायला सांगा. दोन्ही बाजूंनी सारख्या धारेने पडलं पाहिजे. मे अखेरीला एकदा, पावसाळ्यात दर पंधरवड्याला, आणि फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत पुन्हा. दारांच्या खालच्या कडेलाही बारीक चिरा असतात, त्या आइस्क्रीमच्या काडीने मोकळ्या करा.

कापड ओलं असताना टप दुमडून ठेवायचा नाही, हा नियम बहुतेकांना माहीत असतो. पण पाऊस थांबला की उत्साहात तोच पहिला मोडला जातो. पाच मिनिटांपुरतं ठीक. रात्रभर राहिला तर घडीत बुरशी धरते आणि पांढरे ठिपके पुढे जात नाहीत. धुताना प्रेशरचा फवारा शिवणीपासून लांब ठेवा. चांगलं कापड तीन थरांचं असतं, वर विणलेलं, मधे रबर, आत अस्तर. फवारा जवळून मारला की शिवणीतून पाणी आत जातं. मऊ ब्रश, सौम्य शाम्पू, विणीच्या दिशेने हात, भरपूर पाणी. वर्षातून दोनदा कापडावर पाणी न ठरू देणारं द्रव्य लावा. रबर बीडिंगला सिलिकॉन ग्रीस बोटाने पुसटसं. व्हॅसलीन किंवा इंजिन ऑइल लावलंत तर रबर फुगतं.

मागची खिडकी प्लास्टिकची असेल, जिप्सीच्या हूडला म्हणजे कापडी टपाला असते तशी, तर ती दुमडू नये, गुंडाळावी, आणि मधे मऊ फडकं ठेवावं. कोरड्या फडक्याने पुसाल तर धूळच पॉलिश पेपरचं काम करते. आधी पाणी ओतायचं, मग सुती कापड. रॉकेल, पेट्रोल आणि अमोनिया असलेला काच पुसायचा फवारा, तिन्ही वर्ज्य. प्लास्टिक पिवळं आणि ठिसूळ होतं. हूडची चेन अडकत असेल तर मेणबत्ती घासा. तेल लावलं की धूळ चिकटते आणि महिन्याभरात दातरेच जातात.

विजेवर चालणाऱ्या टपाबद्दल थोडक्यात. बटण दाबल्यावर काहीच झालं नाही तर लगेच पंपाला (तेलाच्या दाबाने टप हलवणाऱ्या) दोष देऊ नका. बऱ्याच गाड्यांत डिकीत एक पडदा असतो, तो खाली ओढून अडकवलेला नसला तर टप हलतच नाही. मग बॅटरी: व्होल्टेज पडलं की कंट्रोल युनिट नकार देतं, म्हणून इंजिन चालू ठेवूनच टप चालवावा. मग मायक्रोस्विच, प्रत्येक टप्पा पूर्ण झाल्याची खबर तेच देतात, एक जरी रुसला तर काम मधेच थांबतं. टप एका बाजूने मागे राहून तिरका उघडत असेल तर सिलिंडर गळतोय. त्यात तेल गाडीच्या कंपनीने सांगितलेलंच घाला, ब्रेक ऑइल घातलं तर सील खलास. टप अर्ध्यात अडकला तर जोर लावून ओढू नका. आधी पंपावरचा दाब सोडायचा व्हॉल्व्ह मॅन्युअलमध्ये बघून ढिला करा, मग दोघांनी दोन बाजूंनी सारखा उचला. चालत्या गाडीतही टप उघडता येतो, पण मर्यादेत: मिनीला सुमारे ताशी ३० किलोमीटरपर्यंत आणि १८ सेकंद, अलीकडच्या बीएमडब्ल्यू झी४ला ५०पर्यंत आणि १० सेकंद. सिग्नल सुटायच्या बेतात असताना प्रयोग नको. जुनी गाडी घेताना टप लागोपाठ दोनदा उघडून बंद करून बघा. थकलेला पंप पहिल्यांदा साथ देतो, दुसऱ्यांदा कण्हतो.

एक चिठ्ठी आली आहे: 'सोसायटीत गाडी उघड्यावर असते, दिवाळीत काय करावं?' चांगला प्रश्न. फुलबाजीची ठिणगी कापडात मोहरीएवढं भोक पाडते, ते दिसत नाही, पावसाळ्यात कळतं. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, ते स्वतः वितळून टपाला चिकटतं. जाड सुती सतरंजी किंवा दुहेरी चादर टपावर घाला, कडा दारात दाबा, आणि भाऊबीज झाली की काढून कापड उजेडासमोर धरून आतून बघा. भोक दिसलं तर बाहेरून डिंक-फेविक्विक काही लावू नका. नाना पेठेत सीट कव्हरवाले आहेत, त्यातला हूड शिवणारा शोधा आणि त्याच्याकडून आतून ठिगळ लावून घ्या. पुढची चिठ्ठी मांजरांबद्दल आहे. त्यांना ऊबदार कापड आवडतं, नखं मात्र वाईट. पातेलंभर पाणी शिंपडून उपयोग होत नाही, कव्हरच घाला, पण हवा खेळणारं.